कंपवाताच्या माणसाचं तोंड कसं सांभाळायचं

घरात सासऱ्यांना नाहीतर आईला कंपवात, म्हणजे पार्किन्सन झाला की सगळ्यांचं लक्ष थरथरणाऱ्या हाताकडे जातं. तोंडात मात्र कुणी डोकावत नाही. ज्या हाताला कपबशी धरवत नाही, त्या हाताला ब्रश तरी कसा धरवेल?

आधी लाळेचं बोलू. लाळ गळते म्हणून पोरंसोरं नाक मुरडतात आणि म्हातारं माणूस पंक्तीला जायचं टाळतं. खरं तर लाळ जास्त सुटलेली नसते. आपण दिवसभर नकळत आवंढा गिळत असतो, ते गिळणं या आजारात मंदावतं. मग लाळ तोंडात साठते आणि ओघळते. जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरांनी १८१७ साली हेच लिहून ठेवलं होतं. तेव्हा त्या माणसाला गलिच्छ म्हणू नका. काहींचं उलट होतं, औषधांनी तोंड कोरडं पडतं आणि दात लवकर किडतात. त्यांना घोटघोट पाणी देत राहा.

गिळणं मंदावलं की घासही गालात अडकून राहतो. तोंड अस्वच्छ असेल तर तिथले जंतू लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरतात आणि न्यूमोनिया होतो. म्हणून जेवणानंतर गालात बोट फिरवून बघा, पण चावलं जाणार नाही एवढं जपून.

गोळीचा अंमल चढला की हात मोकळा होतो. दात घासायची वेळ तीच धरा. ब्रश मऊ घ्या, दांड्याला फडकं गुंडाळा नाहीतर सायकलच्या मुठीचं रबर चढवा. खुर्चीत ताठ बसवा, मान किंचित पुढे. आडवं झोपवून कधीच नाही. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. चूळ भरता येत नसेल तर थुंकायला सांगा आणि ओल्या स्वच्छ फडक्यानं तोंड पुसा. जमेल तेवढं त्यांचं त्यांना करू द्या, उरलेलं तुम्ही करा. आणि मिश्री नकोच. ती तंबाखूच आहे, हे आपल्यालाही लागू!

कवळी रात्री काढून, घासून पाण्यात ठेवा. दातांच्या डॉक्टरांकडे आजार वाढायच्या आधीच जा, पुढे तोंड उघडं ठेवून बसणं अवघड होतं. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. जेवताना वारंवार ठसका लागत असेल, तर मात्र वाट न बघता आजाराच्या डॉक्टरांना सांगा.