पफिन परत कसे आले?

पफिन हा उत्तर अटलांटिक महासागरातला पक्षी. आकाराने साधारण पारव्याएवढा. पाठ काळी, पोट पांढरे. वर्षातले बरेच महिने तो खुल्या समुद्रावरच काढतो. जमिनीवर येतो तो विणीपुरता, तोही बेटांवर. तेथे बिळात किंवा खडकांच्या कपारीत मादी एकच अंडे घालते. पिल्लासाठी आईबाप दोघेही मासे आणतात. पकडलेले मासे जीभ टाळूवरच्या काट्यांशी दाबून धरते, म्हणून ते न सांडता चोच पुन्हा उघडता येते. एका खेपेत दहाएक मासे सहज येतात.

अमेरिकेतील मेन राज्यालगतच्या ईस्टर्न एग रॉक या बेटावरचे पफिन शिकारीमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संपले. पफिन मोठा झाल्यावर बहुधा जन्मस्थानी परततो. पण आपण जन्मस्थान कशाला म्हणायचे? अंडे फुटले त्या जागेला, की पिल्लू जेथून समुद्रात गेले त्या जागेला? दुसरे खरे असेल, तर बाहेरून आणलेली पिल्लेही येथेच परतायला हवीत. या तर्कावर स्टीफन क्रेस यांनी १९७३ साली न्यूफाउंडलंडहून पिल्ले आणली, हाताने केलेल्या बिळांत ठेवली आणि मासे देऊन वाढवली. १९८६ पर्यंत अशी ९०० हून अधिक पिल्ले आणली गेली.

पिल्ले समुद्रात गेली. पुढची काही वर्षे एकही परतले नाही. पफिन थव्याने राहणारा, ओसाड बेटावर उतरायला कचरणारा. म्हणून १९७७ मध्ये खडकांवर लाकडी पफिन मांडले. आम्हांला प्रयोगातली ही पायरी सर्वांत मार्मिक वाटते. त्याच उन्हाळ्यात पहिला पक्षी आला. वीण होण्यास मात्र १९८१ साल उजाडले. २०१९ मध्ये तेथे १८८ जोड्या होत्या.

पण मेनच्या आखाताचे पाणी फार वेगाने तापत आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात ते विलक्षण गरम झाले. पफिनांचे नेहमीचे हेरिंग (आपल्या तारलीचे नातलग) दुर्मीळ झाले आणि बटरफिश वाढले. बटरफिश आपल्या पापलेटाच्याच कुळातला, तसाच रुंद. आईबापांनी तो आणून टाकला, पण पिल्लांच्या घशात मावेना. पफिन मासा फाडून भरवत नाही. न खाल्लेल्या माशांशेजारी पिल्ले उपाशी मेली. (तारली आणि पापलेट कागदावर ठेवून बाह्यरेषा काढा, लांबी-रुंदीचे गुणोत्तर मोजा, विद्यार्थ्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.)

आता दर उन्हाळ्यात निरीक्षक आडोशाला बसून, परतणाऱ्या पफिनांच्या चोचीतले मासे दुर्बिणीतून ओळखतात आणि त्यांची जात व लांबी टिपून ठेवतात.