पाण्यातला उच्छ्वास

राजुऱ्याहून बल्लारपूरकडे जाताना वर्धा ओलांडावी लागते. उन्हाळ्यात संथ आणि उथळ भासणारी ही नदी पावसाळ्यात पुलावर चढते आणि वाहतूक अडवते. अशा नदीकाठच्या घरांतील मुलांना पोहता यावे, याविषयी दुमत नसते. तथापि शिकवताना सारा भर हातपाय मारण्यावर असतो. कमरेला वाळलेला भोपळा किंवा हवाबंद डबा बांधून मूल पाण्यात सोडले जाते. श्वासाचे काय करायचे, हे मात्र त्याला क्वचितच सांगितले जाते.

नवशिका तोंड पाण्यात घालताना श्वास कोंडून धरतो. मग तोंड वर येताच क्षणभरात त्याला आधीची हवा सोडायची असते आणि नवी घ्यायचीही असते. दोन्ही अर्धवट राहतात. पाच-सहा हात मारताच छाती भरून येते, तो मान उंचावतो. मान वर गेली की कंबर व पाय खाली जातात आणि गोंधळ वाढतो. पाहणारे म्हणतात, याचा दम कमी पडला. वस्तुतः दम सोडलेलाच नसतो. श्वासासाठी होणारी तगमग मुख्यतः प्राणवायू संपल्याने होत नाही, तर कार्बन डायऑक्साइड साचल्याने होते. आत घेतलेल्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो, बाहेर टाकलेल्या हवेतही तो १६ टक्क्यांच्या आसपास उरतो. कार्बन डायऑक्साइड मात्र ०.०४ टक्क्यांवरून ४ टक्क्यांपर्यंत पोहोचतो. गोदाम रिकामे झाल्याविना नवा माल उतरवायचा कोठे?

म्हणून तोंड पाण्यात असताना नाकातोंडाने बुडबुडे सोडत राहावे. रेचक पाण्यात, पूरक पाण्याबाहेर आणि कुंभक जवळजवळ नाहीच. श्वास घेताना डोके उचलायचे नसते. शरीराबरोबर ते कुशीकडे वळवायचे, एक डोळा पाण्यातच राहू द्यायचा. पुढे सरकणाऱ्या डोक्यामुळे तोंडापाशी पाण्याला खळगा पडतो, तेवढ्यात श्वास सहज मिळतो. दर तिसऱ्या हाताला श्वास घेतल्यास बाजू आलटूनपालटून येते आणि मान एकाच अंगाला आखडत नाही.

कोल्हापूरच्या वीरधवल खाडे याने २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचे कांस्यपदक मिळवले. एवढ्या छोट्या शर्यतींत जलतरणपटू फारच थोडे श्वास घेतात. दूरचित्रवाणीवर ते पाहून मुले श्वास रोखण्याच्या पैजा लावतात, ही खरी चिंतेची बाब. बुडी मारण्यापूर्वी भराभर दीर्घ श्वास घेण्याची युक्ती तर घातकच. त्याने प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही; घटतो तो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे धोक्याची सूचना देणारा रखवालदारच. मग तगमग होण्याआधीच शुद्ध हरपते. वर्धेच्या गढूळ पाण्यात अशी बुडी काठावरच्यांना दिसतही नाही.

श्वासाचा सराव नदीवरच करावा लागतो असेही नाही. रुंद घमेल्यात गाळलेले पाणी घ्यावे, चेहरा बुडवून पाच आकडे मोजेपर्यंत गुणगुणल्यासारखी हवा सोडावी, मान वळवून श्वास घ्यावा. मोठे माणूस शेजारी असावे. वीस-पंचवीस आवर्तने न दमता झाली की मुलाला जाणत्या पोहणाऱ्याबरोबर कमरेएवढ्या पाण्यात न्यावे.