पणजोबांच्या आधी कोण? घराण्याचा शोध ऑनलाइन घेताना हे लक्षात ठेवा

आजोबांचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पणजोबांचं काहींना. त्यापुढे बहुतेक घरांत एकच उत्तर मिळतं: "आपण मूळचे अमुक गावचे." वंशावळ शोधताना हे गावाचं नावच सर्वांत कामाचं ठरतं. कारण आपल्याकडच्या जुन्या सरकारी नोंदी आडनावानुसार नाही, तर गावानुसार लावलेल्या असतात.

ऑनलाइन काय मिळतं?

आपले अभिलेख: महसूल विभागाच्या या संकेतस्थळावर निवडक जिल्ह्यांचे जुने सातबारा आणि फेरफार मिळतात. जमीनमालकाच्या मृत्यूनंतर वारसांची नावं फेरफारात चढतात. त्यामुळे एका फेरफारातून अख्खी पिढी सापडू शकते. मात्र गाव आणि गट किंवा सर्व्हे नंबर हाताशी हवा.

फॅमिलीसर्च: ही साइट मोफत आहे. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची छायाचित्रं इथे पाहता येतात.

जेनी: इथे लोक स्वतःच वंशवृक्ष भरतात. त्यामुळे तिथली माहिती धागा म्हणून वापरा, पुरावा म्हणून नको.

पुण्यात कुठे शोधायचं?

पूर्वजांकडे वतन किंवा इनाम असेल, तर पुणे पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर उपयोगी पडू शकतं. १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातही जुनी कागदपत्रं आहेत. अडचण एकच: यातले बहुतेक कागद मोडी लिपीत आहेत. मोडी शिका किंवा जाणकाराची मदत घ्या. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडेही यजमानांच्या नामावळ्या असतात.

हा फक्त हौसेचा विषय नाही

ओबीसी जातप्रमाणपत्रासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा महत्त्वाचा असतो. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा शाळांची जुनी रजिस्टरं आणि जन्म-मृत्यूच्या नोंदींची गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकं, पुन्हा उघडली गेली. मोडी वाचणाऱ्यांची मागणीही वाढली.

सुरुवात कशी कराल?

आधी घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीला फोन करा. मूळ गाव, शाळा, जमीन आणि कुलदैवत विचारा. आजी-पणजीचं माहेरचं नाव आणि गावही लिहून घ्या. अनेक वंशावळींमध्ये बायकांची नावंच नसतात. ती सांगू शकणारं माणूस गेलं, की कुठल्याच साइटवर सापडत नाहीत.