पाळी चुकली, रोजे पूर्ण झाले, पण…

रमजानमध्ये पाळीच्या दिवसांत मुली-बायका रोजा ठेवत नाहीत. सुटलेले रोजे पुढे सवडीने ‘कजा’ म्हणून पुरे करतात. एखाद्या मुलीची पाळी महिनाभर आलीच नाही, तर ‘यंदा सगळे रोजे झाले’ म्हणून घरात कौतुक होते. मुलगी लांब पल्ल्याची धावपटू असेल, तर मात्र या कौतुकाआधी काळजी करायला हवी.

पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये सुरू झाली. आता सणस मैदानावर आणि तळजाईच्या चढावर मुली सर्रास धावताना दिसतात. धावण्यात खर्च होणारी ऊर्जा जेवणातून भरून निघाली नाही, तर शरीर काटकसर सुरू करते. मेंदू बीजकोशांना पाठवायचे संदेश मंदावतो आणि पाळी लांबते किंवा थांबते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला ‘खेळातील सापेक्ष ऊर्जा-कमतरता’ असे नाव दिले. ॲन लाउक्स यांच्या २००३ मधील अभ्यासात तर ऊर्जेच्या तुटवड्याच्या पाचच दिवसांत हे संदेश विस्कळीत झाले.

हिशेब साधा आहे. ५० किलो वजनाच्या मुलीच्या शरीरात चरबी वगळून सुमारे ४० किलो वजन धरू. व्यायामाचा खर्च वजा जाता तिला रोज साधारण १८०० कॅलरी उरायला हव्यात. दहा किलोमीटर धावण्यात सुमारे ५०० कॅलरी जातात; म्हणजे रोजची गरज २३०० ची. तिने १६०० च घेतल्या, तर उरतात ११००. शरीर काटकसरीला लागते, ते याच टप्प्यावर.

पाळीबरोबर इस्ट्रोजेनही घटते, हाडे ठिसूळ होतात आणि पायाच्या हाडाला बारीक तडा जातो. गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तस्राव आला, तरी मूळ तुटवडा तसाच राहतो.

दोष रोजाचा नाही. नवरात्राच्या उपवासात किंवा ‘वजन उतरव, वेग वाढेल’ या सल्ल्यापायीही हेच घडू शकते. इफ्तारला खजूर, कलिंगड आणि सरबताने पोट लगेच भरते. खरे जेवण राहून जाते. म्हणून मगरिबनंतर डाळ-भात, मटण किंवा खिचडा, तरावीहनंतर दूध आणि सहरीला भाकरी, अंडी, दही असे तीनदा खाणे हवे. या महिन्यात सराव हलका ठेवावा आणि तो इफ्तारच्या आसपास करावा.

लागोपाठ तीन महिने पाळी आली नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. गर्भधारणा, थायरॉइड, पीसीओएस ही कारणेही तपासावी लागतात. डॉक्टरांनी रोजे थांबवायला सांगितले, तर संकोच नको. आजाऱ्याला रोजे पुढे ढकलण्याची सवलत कुरआनच्या सूरह बकरामध्येच दिलेली आहे. आईने मुलीला रोजांची संख्या विचारावी, तशी पाळीची तारीखही विचारावी.