कुत्र्याला रात्रीच डॉक्टरकडे न्यायचं का?

एखादी उलटी झाली, पण शेपूट हलतेय, पाणी पितोय, तर सकाळपर्यंत थांबा. हिरड्या पांढुरक्या-निळसर पडल्या, पोट फुगून नुसते उमासे येताहेत, लघवी अडली, पिल्लाला रक्ताची हगवण लागली, तर लगेच निघा. उंदराचं औषध खाल्लं असेल तर कुत्रा ठणठणीत दिसला तरीही. त्याचा रक्तस्राव कधी कधी तीन-चार दिवसांनी सुरू होतो. घरातली क्रोसिन, ब्रुफेन मात्र देऊ नका, त्याला ती विषासारखी बाधते.

लाळ गळतेय, जबडा लोंबतोय, आवाज बदललाय? घशात हाड अडकलं समजून तोंडात हात घालतात, तिथेच घात होतो. रेबीज असू शकतो. मुलांना लांब ठेवा, डॉक्टरांना बोलवा. चावला किंवा लाळ जखमेला लागली तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. मिरची-चुना नको. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा.