भीमाशंकरचे अरण्य

सह्याद्रीच्या मुख्य रांगेवर, पुणे जिल्ह्याच्या पश्चिम सीमेलगत, भीमाशंकर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक क्षेत्र आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १००० मीटर उंचीवर वसलेले हे स्थान चोहोंकडून दाट अरण्याने वेढलेले आहे. देशावरून येणारा यात्रेकरू मोटारीने देवळाजवळ येऊन पोहोचतो. परंतु कोकणातून पायी येणाऱ्यास हे अरण्य ओलांडल्यावाचून देवाचे दर्शन घडत नाही. या क्षेत्राचे खरे स्वरूप कळते ते या पायवाटेनेच.

रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी, खांडस नावाचे गाव आहे. तेथून वर जाण्यास दोन वाटा आहेत. शिडी घाटाची वाट जवळची, पण बिकट. तिच्यावर उभ्या कातळाला शिड्या लावलेल्या आहेत. पावसाळ्यात कातळ निसरडा झाला म्हणजे ती वाट धोक्याची होते. गणेश घाटाची वाट लांबची, पण सोयीची. तिच्यावर गणपतीचे लहानसे देऊळ लागते आणि पुढे पदरगडाचे उंच सुळके दिसतात. दोन्ही वाटा मधल्या सपाटीवर एकत्र येतात. डोंगराच्या कुशीतील अशा सपाटीला 'पदर' म्हणतात. येथवर आलेला प्रवासी घामाने निथळत असतो. परंतु पुढच्या चढावर झाडांची गर्द सावली सुरू होते आणि हवेत गारवा जाणवू लागतो.

जांभूळ, हिरडा, अंजन, आंबा अशा वृक्षांचे शेंडे एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे भर दुपारीही जमिनीवर ऊन फारसे उतरत नाही. मोकळ्या उतारांवर कारवीची झुडपे दाटलेली असतात. ती सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. पावसाळ्यातील अंधाऱ्या रात्री कुजलेल्या लाकडांवरील एका जातीची बुरशी मंद हिरवट प्रकाशाने चमकते.

या अरण्याचा खरा रहिवासी म्हणजे शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. ही तांबूस रंगाची, झुपकेदार शेपटीची मोठी खार आहे. ती क्वचितच जमिनीवर उतरते. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेप घेत हिंडते आणि काटक्या व पाने गुंफून उंच फांदीवर घरटे बांधते. जेथे झाडांची सलग छाया तुटते, तेथे तिचा मार्गही तुटतो. शेकरू जेथे निर्धास्त हिंडते, तेथील अरण्य अजून सलग आहे असे समजावे.

देऊळ एका खोलगट जागी असल्याने तेथे पायऱ्या उतरून जावे लागते. त्याचे शिखर नाना फडणीसांनी बांधविले. आवारात एक मोठी पोर्तुगीज घंटा आहे. १७३९ मध्ये वसईचा किल्ला जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी आणलेल्या घंटांपैकी ती एक होय, असे सांगतात.

भीमा नदीचा उगम याच परिसरात आहे. त्रिपुरासुराशी युद्ध करून श्रमलेल्या शंकराच्या अंगावरून घामाच्या धारा वाहिल्या आणि त्यांचीच भीमा झाली, अशी कथा आहे. निसर्गाची रीतही या कथेहून फार निराळी नाही. येथे पाऊस मुसळधार पडतो. त्याचा मारा आधी पानांवर होतो, मग पाणी हळूहळू खाली उतरते. पाचोळ्याचा जाड थर ते शोषून घेतो, मुळांच्या आधाराने ते जमिनीत मुरते आणि पावसाळा सरल्यावरही झऱ्यांच्या रूपाने थोडेथोडे पाझरत राहते. झाडे नसती, तर तेच पाणी माती घेऊन एकदम वाहून गेले असते आणि डोंगर उघडाबोडका झाला असता.

हे वृक्ष आजवर टिकले याचे श्रेय पुष्कळसे श्रद्धेकडे जाते. डोंगरातील महादेव कोळी व ठाकर लोकांनी देवाच्या नावाने राखलेल्या राईत कुऱ्हाड चालविणे निषिद्ध मानले. अशा राईला देवराई म्हणतात. पुढे १९८५ मध्ये या परिसरात अभयारण्य स्थापन झाले व श्रद्धेला कायद्याची जोड मिळाली. तरीही श्रावणात आणि महाशिवरात्रीस लोटणाऱ्या गर्दीबरोबर प्लॅस्टिकचा कचरा येतो, आणि वाहनांसाठी रस्ते रुंद करताना झाडांची छाया विरळ होते. कायद्याचा पहारा प्रत्येक झाडाखाली बसू शकत नाही. तेथे यात्रेकरूचा विवेकच उपयोगी पडतो.

भीमा येथून पूर्वेकडे वाहत जाते. अनेक नद्यांना पोटात घेत ती पंढरपुरास चंद्रभागा म्हणून ओळखली जाते आणि सुमारे ८६० किलोमीटरचा प्रवास करून रायचूरच्या उत्तरेस कृष्णेला मिळते. वाळवंटात स्नान करणाऱ्या वारकऱ्याने भीमाशंकरचा डोंगर कदाचित कधी पाहिलाही नसेल. पण त्याच्या ओंजळीतील पाण्याचा आरंभ या वृक्षांच्या मुळांशी झालेला असतो. देवळाभोवतीचे अरण्य राखणे ही देवाचीच सेवा होय.