ज्योतीभोवतीचा वारा

इंधनवायू नळीतून जोराने बाहेर पडतो आणि पेटतो. त्याची ज्योत टिकेल की विझेल, हे एकट्या इंधनावर ठरत नाही. भोवतालची हवा किती वेगाने, कोणत्या दिशेने वाहते, ती किती तापलेली आहे, यावरही ते अवलंबून असते.

मिथेन हवेत साधारण ५ ते १५ टक्के असेल तरच पेटतो. अशा मिश्रणात ज्योत सेकंदाला फार तर ४० सेंटिमीटर पुढे सरकते. नळीतून निघणाऱ्या वायूच्या झोताचा, म्हणजे जेटचा, वेग मात्र याच्या कितीतरी पट असतो. म्हणून ज्योतीचे मूळ जेटच्या कडेला, वेग मंदावतो तिथे, तग धरते. इंधनाचा वेग वाढवला की ते नळीपासून सुटून अधांतरी उभे राहते. आणखी वाढवला की ज्योत विझते.

हवा जेटच्याच दिशेने वाहू लागली तर हे आणखी लवकर घडते. जेटपुढे तिचा वेग किरकोळ वाटतो, पण मूळ ज्या मंद पट्ट्यात असते तिथे तेवढी भरही पुष्कळ होते.

आडव्या वाऱ्याचा परिणाम त्याहून विलक्षण. मुंबई आयआयटीत शिकलेले गौतम कलघटगी यांनी १९८१ मध्ये त्यावरचे संशोधन प्रसिद्ध केले. अशा वाऱ्यात इंधनवेगाला दोन मर्यादा असतात: फार जोराचा जेट विझतो, तसा फार मंदही विझतो. वारा एका मर्यादेपलीकडे गेला, की इंधन कितीही कमीजास्त केले तरी त्या नळीवर ज्योत टिकत नाही. तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या उंच फ्लेअरवर, म्हणजे नको असलेला वायू जाळणाऱ्या नळीवर, ज्योत अशी गेली, तर न जळलेला वायू थेट हवेत मिसळतो.

तापलेली हवा मात्र ज्योतीला आधार देते; जळलेले तप्त वायूही देतात. रत्नागिरी जिल्ह्यात अंजनवेलला नैसर्गिक वायूवर चालणारा मोठा वीजप्रकल्प आहे. अशा ठिकाणच्या गॅस टर्बाइनमध्ये हवेचा झोत प्रचंड असतो. तिथे ज्योत टिकावी म्हणून हवेला गरगर फिरवतात. मध्यभागी दाब घटतो, जळलेले तप्त वायू मागे वळतात आणि नव्या मिश्रणाला पेटते ठेवतात.

घरच्या शेगडीला असा आधार नसतो. बर्नरमध्ये थोडी हवा आधीच मिसळते, तरी मंद आच वाऱ्यापुढे चटकन हरते. पावसाळ्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या मिरजोळ्यासारख्या किनाऱ्याजवळच्या गावात नैर्ऋत्येचा वारा खिडकीतून थेट शेगडीवर येऊ शकतो. ज्योत विझली तरी एलपीजी येतच राहतो, आणि हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. म्हणून शेगडी झोतातून बाजूला सरकवावी, खिडकी मात्र बंद करू नये. आणि मंद आचेवर काही ठेवून स्वयंपाकघर सोडून जाऊ नये.